आधी माणसं मोजा, मग कार्यालय बघा : बेताच्या खर्चातलं घरचं लग्न, क्रमवार

तुळशीचं लग्न आटोपलं की मला ओळखीतून फोन यायला लागतात. वाक्य बहुतेक एकच असतं. "ताई, कार्यालय बुक केलंय, आता पुढं काय काय करायचं?" चूक तिथेच होऊन गेलेली असते. किती माणसं येणार, कोणता खर्च कोणाचा आणि हातात पैसे किती, हे ठरायच्या आधी इसार दिला की पुढचं सगळं त्या कार्यालयाच्या मापाने वाढत जातं.

आमच्या घरात तीन लग्नांचा हिशेब माझ्याकडे होता : भावाचं, धाकट्या बहिणीचं आणि भाच्याचं. पहिलं ठरवलेल्या रकमेच्या दीडपट गेलं, दुसरं थोडं वर, तिसरं आत बसलं. तिन्ही वह्या अजून आहेत, खालचं सगळं त्यांतूनच काढलंय. हिशेब अडीचशे-तीनशे माणसांच्या, एका दिवसाच्या, सकाळच्या मुहूर्ताच्या लग्नाचा धरलाय. रुपयांचे आकडे फक्त गणित समजावं म्हणून आहेत, तुमच्या गावचे भाव तुम्ही घाला.

टप्पा १ : रक्कम ठरवा आणि वही घाला

हातात असलेले पैसे लिहा. त्यात येणारा आहेर धरू नका, "मामा काहीतरी करतीलच" हेही धरू नका. एफडी मोडणार असाल तर ती कधी पूर्ण होते ते लिहा. पीएफमधून लग्नासाठी पैसे काढणार असाल तर अर्ज वेळेत करा, कारण खात्यावरचं नाव किंवा जन्मतारीख आधारशी जुळत नसेल तर दुरुस्तीतच आठवडे जातात आणि केटरर तेवढा थांबत नाही.

सोनं या रकमेत घालू नका, त्याचं पान वेगळं. भाव चढला की सोनं जेवणाचे पैसे खातं आणि ते लग्नाच्या आठवड्यात कळतं.

उरलेल्या रकमेतून दहावा हिस्सा बाजूला काढा आणि तो खर्च करणाऱ्याच्या हातात ठेवू नका. आमच्याकडे तिसऱ्या लग्नाला तो काकूच्या खात्यात होता. काकूला "का हवेत?" एवढं विचारायची सवय आहे, त्या एका प्रश्नाने बरंच वाचलं.

वहीला पाच रकाने हवेत : काय, किती ठरलं, इसार किती व कधी, बाकी किती, कोणी दिले. शेवटचा रकाना सगळे गाळतात. मग मुलाच्या मावसभावाने स्वतःच्या खिशातून फुलवाल्याला दिलेले चार हजार वर्षभराने कुणाच्या तरी बोलण्यात टोचून बाहेर येतात.

टप्पा २ : माणसं मोजा, पत्रिका नव्हे

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. लग्नाचा खर्च म्हणजे ताटांची संख्या. कार्यालय किती मोठं, भांडी किती, वाढपी किती, आहेर किती, सगळं त्या आकड्यावरून ठरतं.

नेहमीची चूक म्हणजे "आपल्या शंभर-सव्वाशे पत्रिका होतील" असं म्हणून दीडशे माणसं धरणं. पत्रिका घराला जाते आणि तिच्यावर आपणच "सहकुटुंब सहपरिवार" छापलेलं असतं. माझ्या वह्यांवरून निघालेलं साधं गणित असं : गावातल्या घराला ३, परगावच्या घराला २, ऑफिसच्या माणसाला १. म्हणजे गावातली ५० घरं, परगावची ४० आणि ऑफिसचे २० असतील तर १५० + ८० + २० = २५० माणसं, पत्रिका ११०. लग्न रविवारी असेल तर गावातल्या आकड्यावर थोडं वाढवा. मंगळवारी-बुधवारी असेल तर ऑफिसवाले दुपारच्या सुट्टीत येऊन अक्षता टाकून जातात, जेवायला सगळे थांबत नाहीत.

याद्या तीन करा : नक्की बोलवायचं, जागा उरली तर बोलवायचं आणि फक्त कळवायचं. तिसरी यादी करायला लोक कचरतात. पण दूरच्या ओळखीतल्या कितीतरी माणसांना लग्नानंतर पेढ्यांचा पुडा आणि फोन पुरतो. न बोलावल्याचा राग येत नाही, न कळवल्याचा येतो.

यादी वडिलांनी एकट्याने करू नये. आमच्या बाबांनी भावाच्या लग्नाची यादी जुन्या डायरीतून उतरवली होती. त्यातली दोन माणसं हयात नव्हती आणि आईच्या माहेरची अख्खी एक शाखा राहून गेली. ती शाखा आजही बोलून दाखवते.

> तपासा : जेवणाऱ्यांत काम करणारेही येतात. फोटोवाले, बँडवाले, गाड्यांचे ड्रायव्हर, मंडपवाल्याची पोरं, गुरुजी आणि त्यांचे सहकारी मिळून २५–३० ताटं सहज होतात. वरच्या २५० चे इथे २८० झाले.

> तपासा : दोन्ही घरांच्या याद्या शेजारी ठेवून वाचा. एकाच गावातली सोयरीक असेल तर दहा-पंधरा घरं दोन्हीकडे निघतात.

टप्पा ३ : याद्या कागदावर, दोन प्रतींत

बैठकीत बोलणी होतात, पेढे वाटले जातात आणि सगळे खूश होऊन उठतात. कागद मात्र कोणी काढत नाही. पूर्वी याद्या, म्हणजे लग्नात कोणी काय करायचं ते, लिहून, हळदकुंकू लावून, दोन्ही बाजूंच्या सह्या होत. आता "आपल्यात कसली लिखापढी" म्हणतात आणि खर्चाची खरी गळती तिथून सुरू होते.

सगळ्यात महागडं वाक्य आहे, "आमची काही अपेक्षा नाही, तुम्ही हौसेने कराल ते." ऐकायला किती छान! पण हौसेला आकडा नसतो. बहिणीच्या लग्नात या एका वाक्यापायी आम्ही त्यांच्याकडच्या किती बायकांना साड्या द्यायच्या याचा अंदाज बांधत बसलो. बाराने सुरुवात केली, भीतीपोटी सव्वीसवर गेलो. नंतर विहीणबाईच म्हणाल्या, "अहो, आम्हाला पाचच पुरे होत्या." तेव्हा समोरून हे वाक्य आलं की हसून विचारा, "तरी पण मानाच्या साड्या किती धरू?" विचारण्यात कमीपणा नाही.

"खर्च निम्मा-निम्मा" हेही अर्धवट बोलणं. त्यांची माणसं १८० आणि तुमची १०० असतील तर निम्मा कशाचा? कार्यालय, मंडप, गुरुजी, वाजंत्री निम्मे करा आणि जेवण ज्याच्या त्याच्या डोक्यांप्रमाणे. आमच्या तिसऱ्या लग्नाच्या कागदावरचं वाक्य जसंच्या तसं देते : "जेवण प्रत्येकी आपापल्या पाहुण्यांचे. वरपक्ष १६०, वधूपक्ष १२०. वाढल्यास वाढवणाऱ्याने द्यावे." शेवटच्या तीन शब्दांनी दोन्हीकडच्या हौशी काकांना आवर बसला.

कागदावर आणखी काय हवं? साखरपुडा वेगळा की आदल्या संध्याकाळी सीमांतपूजनाबरोबर. हळद एकत्र की आपापल्या घरी. वऱ्हाड कधी येणार, किती जण मुक्कामाला, त्यांचं रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता कोणाचा. विहिणीची साडी, सूनमुखाची साडी, कानपिळीचा मान, करवल्यांचं काय, व्याहीभोजन वेगळं की त्याच पंगतीत. रिसेप्शन आहे का, असेल तर कोणाच्या खर्चाने.

> सावध : यात पैसे, गाडी, "मुलाच्या शिक्षणाचा खर्च" असं काही आलं तर तो बजेटचा विषय नाही. हुंडा मागणं आणि देणं दोन्ही १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. तिथे वही मिटा आणि घरात बसून सोयरिकीचाच विचार करा.

टप्पा ४ : तारीख तीन पर्यायांत

गुरुजींकडे जाताना "मुहूर्त सांगा" असं म्हणू नका, "तीन सांगा, त्यातला एक तरी आडवारचा" असं म्हणा. एकच तारीख घेऊन कार्यालयात गेलात की भाव करायची जागाच उरत नाही. मुहूर्तांची गर्दी असलेल्या दिवशी कार्यालय, आचारी, घोडा, ब्यूटीपार्लर सगळेच वर बसलेले असतात.

चातुर्मासात, पौषात, अधिक महिन्यात आणि गुरु-शुक्राच्या अस्तात पंचांगातले नेहमीचे मुहूर्त नसतात. काढीव मुहूर्त मात्र मिळतो. घरातल्या मोठ्यांना चालत असेल तर कार्यालयाचा दर लक्षात येईल एवढा खाली येतो. चालत नसेल तर वाद घालू नका, वर्षभर ऐकून घ्यावं लागेल. तेवढी बचत होत नाही.

मुहूर्ताची वेळही खर्चाची बाब आहे. सकाळी अकरा-साडेअकराचा मुहूर्त म्हणजे एक नाश्ता आणि एक जेवण. गोरज मुहूर्त म्हणजे दुपारचं घरच्यांचं जेवण, संध्याकाळचा चहा-फराळ, रात्रीचं मोठं जेवण आणि दिव्यांची रोषणाई. शिवाय लाउडस्पीकर रात्री दहानंतर बंद करावाच लागतो.

> तपासा : घरात दहावी-बारावीचं कोणी आहे का? असेल तर फेब्रुवारी-मार्च सोडा. परगावचे पाहुणे रेल्वेने येणार असतील तर आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, ते उघडायच्या आधी तारीख कळवा. वऱ्हाडासाठी एसटीची गाडी प्रासंगिक करारावर मिळते. आगारात जाऊन किलोमीटरचा आणि खोळंब्याचा हिशेब आधी विचारा, मग खासगी बसशी ताडून बघा.

टप्पा ५ : आता कार्यालय

कार्यालय रिकामं असताना बघू नका. दुसऱ्या कोणाचं लग्न चालू असताना दुपारी एकच्या सुमारास जा. संडासाला पाणी आहे का, हात धुवायच्या जागी चिखल झालाय का, पंखे चालतात का, गाड्या कुठे लावल्यात, सगळं पाच मिनिटांत दिसतं. आजीला जिना चढवायचा असेल तर लिफ्टचा जनरेटरशी काय संबंध आहे तेही विचारून ठेवा.

मग भोजनगृहातल्या खुर्च्या मोजा. हे कोणी करत नाही. ८० खुर्च्या असतील तर २८० माणसांच्या चार पंगती होतात. बसणं, वाढणं, जेवणं, उठणं, पुसणं धरून एका पंगतीला ४० मिनिटं. चार पंगतींना दोन तास चाळीस मिनिटं. अक्षता बाराला पडल्या आणि पहिली पंगत सव्वाबाराला बसली तरी शेवटची उठायला तीन वाजतात. त्यानंतर घरचे आणि व्याही जेवणार, झाल होणार, वरात निघणार. कार्यालय चारला रिकामं करून द्यायचं असेल तर जादा तासांचं भाडं तुमच्या नशिबी लिहिलेलंच आहे. त्यावर उपाय दोन : बाहेरच्या मंडळींना बुफे आणि घरच्या-व्याह्यांची एकच पंगत, नाहीतर जागा घेतानाच वेळ पाचपर्यंत लिहून घेणं.

इसार देण्याआधी विचारायच्या गोष्टी :

१. जागा आदल्या दिवशी किती वाजता मिळते? संध्याकाळी सहा आणि रात्री नऊ यांत हळदीचा फरक पडतो.
२. वीज भाड्यात आहे की मीटरप्रमाणे? जनरेटरचं डिझेल कोणाचं?
३. बाहेरचा केटरर चालतो का? चालत असेल तर त्याच्याकडून किंवा तुमच्याकडून वेगळी रक्कम घेतात का?
४. भांडी, गाद्या, उशा, सफाई, पाण्याचा टँकर यांतलं काय वेगळं?
५. सांगितलेल्या दरात जीएसटी आहे का? हॉलच्या भाड्यावर तो १८ टक्के असतो, म्हणजे ८० हजारांवर १४,४०० रुपये. "तो वेगळा" हे वाक्य बहुधा बिलाच्या दिवशी कानावर येतं.
६. तारीख रद्द झाली किंवा पुढे गेली तर काय परत मिळतं? घरात सुतक आलं तर?

उत्तरं पावतीच्या मागे लिहून सही घ्या. "आपलंच कार्यालय समजा" म्हणणाऱ्यांकडून तर नक्की घ्या.

> तपासा : ताबा घेताना वीजमीटरचा, भांड्यांच्या ढिगाचा आणि आधीपासून फुटलेल्या काचांचा मोबाइलवर फोटो काढा. ताबा देताना पुन्हा काढा. सुरक्षा ठेव परत मिळवताना हेच फोटो बोलतात.

टप्पा ६ : जेवण

भावाच्या लग्नात दुपारी तीन वाजता केटररचा माणूस वहीचं पान फाडून घेऊन आला. त्यावर ४१२ ताटं. आमच्या यादीत सगळं धरून साडेतीनशेही नव्हती. बाबा वरातीच्या गडबडीत, वधूकडची मंडळी समोर, वाद घालायची सोय नाही. पैसे दिले. ती ताटं कोणी मोजली होती, कुठे मोजली होती, आम्हाला कोणालाच सांगता येईना, कारण आमच्याकडून मोजायला कोणी उभंच नव्हतं. त्यामुळे चूक त्याची म्हणायचीही चोरी.

म्हणून ताटं मोजण्याची पद्धत केटरर ठरवतानाच बोला, बिलाच्या वेळी नको. बुफे असेल तर ताटांचे ढीग सुरू होण्याआधी दोन्ही बाजूंनी मोजायचे, संपल्यावर न वापरलेली मोजायची, वजाबाकी म्हणजे आकडा. धुऊन पुन्हा मांडलेली ताटं यात फसवतात, तेव्हा धुतलेली वेगळ्या टेबलावर ठेवायला सांगा. पंगत असेल तर प्रत्येक पंगत बसली की रांगा मोजायच्या आणि केटररच्या माणसाची तिथेच सही घ्यायची. भाच्याच्या लग्नात आम्ही हे काम आत्याच्या यजमानांना दिलं. निवृत्त तलाठी माणूस. खुर्ची टाकून भोजनगृहाच्या दारात बसले, मांडीवर वही, कानावर पेन. पंगत बसली की उठायचे, एक फेरी मारायची, आकडा लिहायचा, मुकादमापुढे वही धरायची. चार पंगती मिळून २६८ झाल्या. बिल २६८ चंच आलं. ते स्वतः शेवटच्या पंगतीला जेवले आणि तेही त्यांनी लिहिलं.

केटरर "इतकी ताटं नक्की" असा किमान आकडा मागतो. खरे अंदाज २८० असतील तर हमी २५० ची द्या आणि वर ३० पर्यंत त्याच दराने वाढवून मिळतील असं लिहून घ्या. उलट करू नका. ३०० ची हमी देऊन २५० जेवले तर ५० ताटं, ३०० रुपयांनी १५,००० रुपये, न जेवताच गेले. अंतिम आकडा कळवायचा दिवसही ठरवा, साधारण तीन दिवस आधी.

मेनूत पदार्थ वाढवून मान वाढत नाही. आमचा तिसऱ्या लग्नाचा पंगतीचा बेत : वरणभात-तूप, मसालेभात, पुरी, बटाट्याची सुकी भाजी, अळूचं फदफदं, काकडीची कोशिंबीर, पंचामृत, पापड-कुरडई, जिलबी, मठ्ठा. गोड एकच. आधीच्या दोन्ही लग्नांत दुसरं गोड होतं आणि दोन्ही वेळा अर्धं पातेलं उरलं. पनीरची भाजी, चायनीजचा कोपरा, तीन प्रकारची सॅलड यांचे पैसे ताटामागे चाळीस-पन्नास रुपयांनी वाढतात आणि लोक घरी जाऊन मठ्ठ्याबद्दलच बोलतात.

नाश्ता, चहा, वेलकम ड्रिंक, बाटलीबंद पाणी ताटात धरलंय का ते विचारा. चहा हा छुपा खर्च. आदल्या संध्याकाळपासून माणूस दर तासाला "चहा सांगा रे" म्हणतो आणि तो कपावर मोजला जातो. थर्मासवर ठरवा.

माणसं दीडशेच्या आत असतील तर ताटावर देण्यापेक्षा आचारी मजुरीवर आणि सामान आपलं, हे स्वस्त पडतं. पण मग आचारी देईल ती सामानाची यादी डोळे मिटून आणू नका. पंगतीच्या जेवणाला दोन्ही भात मिळून शंभर माणसांना दहा किलो तांदूळ पुरतो. यादीत अठरा लिहिले असतील तर विचारा. तेल, तूप, काजू आणि बेदाणे यांची यादी नेहमी उदार असते. आणि कोठीच्या किल्ल्या घरातल्या एकाच बाईकडे द्या.

> सावध : एप्रिल-मेमध्ये श्रीखंड, बासुंदी, दहीवडे टाळा. दुपारी बाराला ठीक असलेलं तीनच्या पंगतीला तसंच असेल याची खात्री नाही.

> सावध : कोणालाही एका माणसाकडून एका प्रसंगासाठी २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, आयकर कायद्याने मनाई आहे. मोठी रक्कम बँकेतूनच द्या, पावतीचा प्रश्नही मिटतो.

टप्पा ७ : सोनं, साड्या, आहेर

सोन्यात दोनच गोष्टी बघा. दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा क्रमांक, आहे का, आणि मजुरी किती. भाव सगळीकडे जवळपास सारखा, फरक घडणावळीत. एकूण बिलावर ३ टक्के जीएसटी येतो तोही धरा. जुनं मोडणार असाल तर घट किती धरतात हे दोन सराफांकडे विचारा. मंगळसूत्र घेताना काळे मणी आणि दोरा सोन्याच्या वजनात येत नाहीत ना, ते वजनकाट्यावर बघून घ्या. संकोच वाटतो, पण बघा.

साड्या एकदाच, एकाच दुकानातून. तीन दरांचे तीन गठ्ठे करा : मानाच्या, जवळच्या, बाकीच्या. एकाच दरातल्या साड्यांमध्ये तुलना होत नाही आणि रंगावरून रुसवा झाला तर अदलाबदल करता येते. मोजलेल्यापेक्षा पाच जास्त घ्या, उरलेल्या परत घेणार का ते विचारून. नवरीच्या ब्लाउजना आणि फॉल-बीडिंगला शिंप्याला किमान तीन आठवडे द्या. लग्नसराईत "उद्या देतो" याला काही अर्थ नसतो.

पत्रिकेवर "कृपया आहेर आणू नये" छापायचं की नाही, हे आधी ठरवा. छापलंत तर खरंच घेऊ नका. निम्म्यांकडून घेतला, निम्म्यांना नाही म्हटलं, की परतीच्या आहेराची धावपळ दोनदा होते. आम्ही भाच्याच्या वेळी छापलं आणि पाळलं. टोपी-टॉवेल-ब्लाउजपीसचा अख्खा बोजा गेला, शिवाय स्टेजवरची रांग तासाभरात संपली.

टप्पा ८ : बाकीची बुकिंगं

इथे फार थांबत नाही. फोटोवाल्याकडून किती तास, किती माणसं, अल्बमची पानं किती, सगळे मूळ फोटो पेनड्राइव्हवर मिळणार का, हे लिहून घ्या. सजावटीत खरी फुलं फक्त बोहल्यावर आणि दारात, इतरत्र कापड. पत्रिका मोठ्यांना द्यायला ६०-७० छापा, बाकी मोबाइलवर. छपाईआधीचा कागद दोन्ही घरांतल्या वडीलधाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवा. नावांचा क्रम चुकला तर पुन्हा छापाव्या लागतात. आमच्या चुकल्या होत्या, एका काकांच्या नावापुढचं "कै." दुसऱ्या काकांना लागलं होतं. ते काका पत्रिका घेऊनच घरी आले.

टप्पा ९ : शेवटचा आठवडा आणि तो दिवस

गुरुजींकडून साहित्याची यादी पंधरा दिवस आधी घ्या आणि काय ते आणतात, काय आपण आणायचं, ते खुणा करून घ्या. सामान बॅगांत भरताना विधींप्रमाणे भरा : हळदीची पिशवी, सीमांतपूजनाची, लग्नघटिकेची, सप्तपदीची. प्रत्येकीवर चिठ्ठी, आत काय आहे तेही चिठ्ठीवर. बहिणीच्या लग्नात सगळं एका मोठ्या ट्रंकेत होतं आणि अंतरपाट सापडेना. मंगलाष्टकं सुरू व्हायला पाच मिनिटं असताना मामांनी अंगावरचं उपरणं काढून धरलं. लग्न लागलं. अंतरपाट संध्याकाळी रुखवताच्या खोक्यात निघाला.

प्रत्येक कामाला एक नाव द्या, दोन नको. दोन नावं म्हणजे कोणीच नाही. ताटं मोजणारा, कोठी सांभाळणारी, दागिन्यांच्या पेटीपाशी बसणारी, पाहुण्यांच्या गाड्यांचं बघणारा आणि पैशांची बॅग धरणारा. ही बॅग वधू किंवा वराच्या बापाकडे कधीही नको. तो दर मिनिटाला कोणाच्या तरी पाया पडत किंवा कोणाला तरी मिठी मारत असतो.

बॅगेत आदल्या रात्रीच पाकिटं भरून ठेवा. गुरुजींची दक्षिणा, वाजंत्री, ड्रायव्हर, वाढपी, पार्लरची मुलगी, कार्यालयाचा शिपाई, प्रत्येकाचं नाव आणि रक्कम पाकिटावर. शिवाय १०, २० आणि ५० च्या नोटा आणि मूठभर रुपयाची नाणी. ओवाळणीला, पूजेत, बूट पळवणाऱ्या मेव्हण्यांना सुटे लागतात. नसले की पाचशेची नोट जाते आणि ती परत येत नाही.

> तपासा : एक छोटा डबा वेगळा ठेवा : कात्री, सुतळी, सेफ्टीपिना, काडेपेटी, सुई-दोरा, डोकेदुखीची गोळी, मोबाइलचा चार्जर.

टप्पा १० : उलगडा

बिलं त्याच दिवशी मिटवा, पण पावती घेऊनच. दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन दोन्ही घरांतले दोघं बसा. सत्यनारायणाची गडबड व्हायच्या आधी, आठवण ताजी असताना. कार्यालयाची ठेव परत आणायला एकाचं नाव लिहा, नाहीतर ती तिथेच राहते. मिळालेल्या भेटवस्तूंची यादी वधू-वरांच्या सह्यांनी करून ठेवा, हुंडा प्रतिबंधाच्या नियमांत तशी यादी ठेवायला सांगितलेलं आहे.

आणि विवाहनोंदणी. महाराष्ट्रात लग्नापासून ९० दिवसांच्या आत अर्ज करायचा असतो. शहरात महापालिका किंवा नगरपालिकेत, गावात ग्रामपंचायतीत. वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, लग्नपत्रिका, फोटो, तीन साक्षीदार लागतात आणि अर्जावर गुरुजींची माहिती व सही. सगळे अडतात ते गुरुजींपाशी. लग्नसराईत ते आज कोल्हापुरात तर उद्या ठाण्यात, फोन उचलत नाहीत. म्हणून कोरा अर्ज लग्नाच्या दिवशीच पैशांच्या बॅगेत ठेवा आणि दक्षिणेचं पाकीट देतानाच सही घ्या. आधारची प्रतही तेव्हाच मागा. आम्ही बहिणीच्या वेळी हे विसरलो आणि त्या एका सहीसाठी मेहुण्यांना तीनदा रजा टाकावी लागली.